निवणे

आपल्या भाषेत ‘थंड’ ह्या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. ज्याला कशाचे काही वाटत नाही, तो थंड माणूस. जिचा जोर ओसरला, ती चळवळ थंडावली. वादात हरलेला गडी गार पडला. उलट जे जे चांगले, ते ते सारे उष्ण. तरुणांचे रक्त गरम, देशभक्ती ज्वलंत, आईच्या कुशीत ऊब. कोणी आपल्याला ‘तू थंड आहेस’ असे म्हटले, तर आपण ते कौतुक म्हणून खचितच घेणार नाही.

पण ह्याच भाषेत आणखी एक शब्द आहे आणि तो मला अलीकडे फार आवडू लागला आहे. निवणे. ताटातला भात निवतो, बशीतला चहा निवतो. बऱ्याच दिवसांनी लेकरू घरी आले की आईचे डोळे निवतात. निवणे म्हणजे नुसते थंड होणे नव्हे. आतली आग बाहेर जाऊ द्यायची आणि घेण्याजोगे, जगण्याजोगे व्हायचे, असा काहीसा त्याचा अर्थ आहे. जे निवले ते विझले असे आपण म्हणत नाही.

ह्या लेखात मी ज्याच्या निवण्याविषयी लिहिणार आहे, ते मात्र ताटातले किंवा बशीतले नाही. तो विश्वातला सर्वांत जुना वायू आहे. तो निवला म्हणून पहिला तारा पेटला, ही गोष्ट मला गेल्या वर्षी कळली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. कला शाखेच्या मुलाने हा नसता उद्योग का करावा, असे विचारणारे आमच्या वर्गात पुष्कळ आहेत. त्यांना माझे उत्तर असे की, मी इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि हाही इतिहासच आहे. फक्त त्यात राजे नाहीत, तह नाहीत आणि सनावळी जरा लांबलचक आहे.

माझे आजोळ जुन्नर तालुक्यात, खोडदच्या शेजारी. कल्याणहून एस.टी.ने माळशेज घाट चढायचा, आळेफाट्याला उतरायचे आणि पुढे मिळेल त्या वाहनाने जायचे. मामाच्या टोमॅटोच्या बांधावर उभे राहिले की दूरवर जाळीच्या प्रचंड वाट्या आकाशाकडे तोंड करून बसलेल्या दिसतात. आजी त्यांना ‘छत्र्या’ म्हणते. लहानपणी मला वाटे की, पावसाचे पाणी साठवायला कोणीतरी त्या उताण्या करून ठेवल्या असाव्यात. मामा म्हणाला, “येडा का तू? जाळीत पाणी राहतं व्हय?” तेव्हा तो तर्क तिथेच संपला.

त्या छत्र्या म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, सगळे जिला जीएमआरटी म्हणतात ती दुर्बीण. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची. एकूण ३० अँटेना आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीने आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन फांद्यांवर दूरदूर मांडल्या आहेत; टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा पसारा. डॉ. गोविंद स्वरूप ह्यांची ही कल्पना. २०२० साली ते वारले. अखंड पत्र्याच्या तबकड्या उभारणे आपल्याला परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी पोलादी तारांची बारीक जाळी ताणून बसवली. वारा त्यातून आरपार जातो, त्यामुळे वजन कमी, खर्चही कमी. आणि आकाशातून येणाऱ्या मीटरभर लांबीच्या लाटांना ती जाळीसुद्धा भिंतीसारखीच लागते. मामाने हे ऐकले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे चाळण हाये, पण रेडिओ गळत न्हाई.” ह्यापेक्षा सोपे स्पष्टीकरण मला अजून मिळालेले नाही.

फेब्रुवारीच्या २८ तारखेला, विज्ञान दिनाला, तिथे सर्वसामान्य लोकांसाठी प्रदर्शन भरते. गेल्या वर्षी मी मामाबरोबर गेलो. मोबाईल बंद करून ठेवायचे, कारण आकाशातल्या कुजबुजीपुढे आपला मोबाईल म्हणजे लग्नाचा बँड. तक्ते आणि यंत्रे ह्यांच्यापाशी विद्यार्थी उभे राहून समजावून सांगत होते. एका तक्त्यापाशी एक ताई हायड्रोजनविषयी बोलत होती. हायड्रोजनच्या अणूतून २१ सेंटिमीटर लांबीची एक लाट निघते. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे ती लाट प्रवासात ताणली जाते. जितकी ती जुनी, तितकी लांब. ती ताणून दोन मीटरची झालेली आढळली, तर ती निघाली तेव्हा विश्वाचे वय साठेक कोटी वर्षे असणार. आज ते सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे ही दुर्बीण लाटेची लांबी मोजून काळ मोजते.

मी धीर करून विचारले, “ताई, पण सगळ्यांत पहिला तारा कसा झाला?”

“आधी वायूला गार व्हावं लागलं,” ती म्हणाली.

मला हसू आले. तारा म्हणजे आग. आग पेटायला गारवा कशाला? तिला माझ्या हसण्याचा अर्थ कळला असावा. तिने विचारले, “सायकलमध्ये पंपाने हवा भरलीय का कधी? पंपाचं खालचं टोक हाताला कसं लागतं?”

चटका बसतो. सायकलवाल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. हवा दाबली की ती तापते आणि तापली की ती उलट दाब देते. दट्ट्या आणखी खाली जायला तयार नसतो. त्या ताईने एवढेच सांगितले आणि पुढच्या शाळेच्या रांगेकडे वळली. बाकीचे मी आमच्या ग्रंथालयात बसून, समजले नाही तिथे पुन्हा वाचून, स्वतःच्या भाषेत लिहून काढले. ते असे.

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षेपर्यंत विश्व म्हणजे एक तप्त, लखलखते धुके होते. इलेक्ट्रॉन कोठल्याही अणूत नांदायला तयार नव्हते, कारण प्रत्येक धडकेत ते उडवले जात. प्रसरणामुळे तापमान ३,००० अंशांच्या आसपास उतरले, तेव्हा इलेक्ट्रॉन प्रोटॉनांपाशी स्थिरावले आणि हायड्रोजनचे अणू झाले. धुके निवळले, प्रकाश मोकळा झाला. त्याचा ताणून थंडगार झालेला अंश १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन ह्या दोघांच्या कामातून जगापुढे आला. आजही तो चहूकडून येतोच आहे.

अणूपासून इलेक्ट्रॉन किती तापमानाला सुटतात आणि किती तापमानाला परत बसतात, हे सांगणारे समीकरण १९२० साली मेघनाद साहा ह्यांनी मांडले. साहांची हकीकत मी मुद्दाम वाचली. ढाक्याजवळच्या खेड्यात १८९३ साली जन्म, वडिलांचे छोटे किराणा दुकान, घरात आठ भावंडे. प्राथमिक शाळेनंतरची शाळा गावापासून लांब होती. तेथल्या एका डॉक्टरांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले म्हणून शिक्षण पुढे सरकले. दुकानदाराच्या मुलाने मांडलेल्या त्या समीकरणात ताऱ्यांचे तापमानही बसते आणि विश्वाचे धुके कधी निवळले ह्याचा हिशेबही बसतो. हे वाचून मला किती धीर आला ते सांगता येत नाही.

धुके निवळल्यावर विश्वात काळोख झाला. तारे नाहीत, दीर्घिका नाहीत. वजनाने तीन चतुर्थांश हायड्रोजन, एक चतुर्थांश हेलियम, आणि नावापुरते लिथियम. कार्बन नाही, ऑक्सिजन नाही, लोखंड नाही, धुळीचा एक कणसुद्धा नाही. मात्र हा वायू सर्वत्र अगदी सारखा पसरलेला नव्हता. कोठे तो किंचित दाट होता, कोठे किंचित विरळ. ज्याला कृष्णद्रव्य म्हणतात, त्याचे पुंजके त्या दाट जागी जमले आणि त्यांच्या ओढीने वायू आत पडू लागला. एकेका पुंजक्यात लक्षावधी सूर्यांचा ऐवज होता. पण आत पडताना वायू दाबला गेला, आणि दाबला गेला म्हणून तापला. सुमारे १,००० अंशांपर्यंत. इथे सायकलचा पंप आला. गुरुत्वाकर्षण आत ओढते आहे आणि तापलेला वायू बाहेर रेटतो आहे. दोघेही हटायला तयार नाहीत. ही कोंडी फुटली नसती तर तारे झालेच नसते, आणि हे लिहायला मीही नसतो.

कोंडी फोडायची तर वायूतली उष्णता बाहेर गेली पाहिजे. ती प्रकाशाच्या रूपानेच जाऊ शकते. हायड्रोजनच्या अणूला ते जमत नाही का? जमते, पण फार वरच्या तापमानाला. अणूतला इलेक्ट्रॉन म्हणजे उंच पायऱ्यांच्या जिन्याखाली उभा असलेला माणूस आहे असे समजा. धडक बसली की त्याने वरच्या पायरीवर चढायचे आणि खाली उतरताना घेतलेली ऊर्जा किरण म्हणून फेकून द्यायची. पण ह्या जिन्याची पहिली पायरीच एवढी उंच आहे की, तापमान १०,००० अंशांच्या आसपास असेल तेव्हाच कोठे तिथवर पोचवणाऱ्या धडका बसतात. १,००० अंशांच्या धडका त्याला जागचे हलवू शकत नाहीत. अणू एकमेकांवर आपटतात आणि तसेच परत फिरतात. उष्णता होती तिथेच राहते.

आता रेणू पाहा. हायड्रोजनचे दोन अणू जोडले गेले की त्या जोडीला गिरकी घेता येते, भिंगरीसारखी. गिरकीच्या पायऱ्या बुटक्या असतात. एखादा अणू येऊन धडकला की रेणू गिरकी घेतो. मग पुष्कळ वेळाने तो गिरकी सोडतो आणि ती ऊर्जा अवरक्त किरणाच्या रूपाने बाहेर पडते. वायू त्या किरणाला अडवत नाही. किरण मेघातून निघून जातो, कायमचा. एक धडक, एक गिरकी, एक किरण. असे असंख्य वेळा घडते आणि मेघ हळूहळू निवत जातो. निवत निवत तो २०० अंशांपर्यंत येतो. हे अंश निरपेक्ष मापाचे. आपल्या तापमापकावर उणे ७३. त्याखाली रेणूच्याही पायऱ्या उंच पडू लागतात आणि निवणे मंदावते. पण तोवर काम झालेले असते.

हे रेणू किती होते? हा आकडा मला सर्वांत विलक्षण वाटला. त्या मेघांत हजारातून एक, कोठे कोठे दहा हजारांतून एक. बाकी सारे सुटे अणू. एवढ्या थोड्यांनी एवढ्या मोठ्या मेघाला निववले.

आणि हे थोडेसे रेणू तरी झाले कसे? आज अवकाशात हायड्रोजनचे रेणू मुख्यतः धुळीच्या कणांवर तयार होतात. अणू कणावर टेकतात, तिथे त्यांची गाठ पडते. तेव्हा तर धूळच नव्हती. पण धुके निवळले तेव्हा काही मोजके इलेक्ट्रॉन तसेच मागे राहिले होते. विश्व पसरले, प्रोटॉन लांब लांब गेले आणि ह्यांना घर मिळाले नाही. असा एखादा बिनघराचा इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या अणूला चिकटे. मग तो अणू दुसऱ्या अणूला भेटे, दोघांचा रेणू होई आणि इलेक्ट्रॉन पुन्हा मोकळा होऊन पुढे निघून जाई. त्याला स्वतःला ह्या व्यवहारातून काहीच मिळत नसे. जुळवून द्यायचे आणि निघायचे.

धुळीशिवाय आदिविश्वातल्या मेघांत हायड्रोजनचे रेणू कसे होतील, ह्याचा विचार १९६७ साली विल्यम सास्लॉ आणि डेव्हिड झिपॉय ह्यांनी आणि पुढच्याच वर्षी पीबल्स आणि डिकी ह्यांनी मांडला. गंमत अशी की, तोवर ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात हायड्रोजनचा रेणू प्रत्यक्ष कोणी पाहिलेलाच नव्हता. तो १९७० साली जॉर्ज कॅरुथर्स ह्यांनी अग्निबाणातून उपकरण पाठवून पाहिला. ह्याच्याही आधी, विश्वात सगळ्यांत पहिला जुळलेला रेणू म्हणजे हेलियम आणि हायड्रोजन ह्यांची जोडी, असे मानतात. प्रयोगशाळेत तो १९२५ पासून माहीत होता, पण आकाशात सापडत नव्हता. हंस तारकासमूहातल्या एका तेजोमेघात तो सापडला आणि ते २०१९ साली जाहीर झाले. विमानात बसवलेल्या दुर्बिणीने तो टिपला. इतिहासाच्या तासाला आम्हांला सांगतात की, आधाराशिवाय विधान करू नये. ह्या लोकांनी आधारासाठी जवळजवळ शंभर वर्षे वाट पाहिली.

मेघाचा गाभा पुढे फार दाट झाला की, तीन अणू एकदम भेटू लागतात. दोघांची जोडी जमते आणि तिसरा जास्तीची ऊर्जा घेऊन निघून जातो. मग रेणूंची कमतरता उरत नाही. गाभा कोसळत जातो आणि शेवटी तारा पेटतो. महास्फोटानंतर दहा ते वीस कोटी वर्षांच्या सुमारास हे झाले असावे. ते तारे अवाढव्य होते, सूर्याच्या दसपट ते शेकडो पट वजनाचे, आणि अल्पायुषी. सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा असून अजून त्याचे निम्मे आयुष्य जायचे आहे. हे तारे काही दशलक्ष वर्षांतच संपले. पण जाताना त्यांनी विश्वात कधी नव्हते ते कार्बन, ऑक्सिजन आणि पुढे धूळ मागे ठेवली. ह्या नव्या पदार्थांना उष्णता बाहेर टाकणे फार सोपे जाते. म्हणून त्यांच्या मागून आलेल्या मेघांना निवायला इतके कष्ट पडले नाहीत. लहान, शांत, दीर्घायुषी तारे होऊ लागले. आपला सूर्य त्यांतलाच एक.

शास्त्रज्ञ ह्या आद्य ताऱ्यांना ‘पहिली पिढी’ म्हणतात. हा शब्द वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. कारण हा शब्द मला चांगला परिचयाचा होता. महाविद्यालयाचा अर्ज भरताना असेच काहीसे विचारले होते: घरात पूर्वी कोणी पदवीचे शिक्षण घेतले आहे काय? आम्ही ‘नाही’ लिहिले होते.

माझे वडील, आप्पा, वाशीच्या भाजी बाजारात माथाडी आहेत. १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. त्या कायद्यामुळेच आमच्या घराला महिन्याचा हिशेब आणि कोपरखैरण्याला डोक्यावर छप्पर आहे. आप्पांचे काम मध्यरात्री सुरू होते. सुट्टीत मी कधीकधी त्यांच्याबरोबर जातो. मेथी-कोथिंबिरीच्या गाड्या येतात तेव्हा जुड्या फार दाबून भरलेल्या असल्या तर आतला माल तापतो. ढिगात हात घातला की वाफ लागते. “माल श्वास घेतो रे,” आप्पा म्हणतात, “त्याला वाट ठेवावी लागती, न्हाईतर पिवळा पडतो.” आप्पांची शाळा चौथीत सुटली. पण उष्णतेला बाहेर जायला वाट लागते, हे त्यांना माझ्या आधी ठाऊक होते.

आता पाठीवरचे ओझे त्यांना झेपेनासे झाले आहे. टोळीत त्यांच्या जागी मी उतरावे, असा विषय गेल्या दिवाळीपासून घरात निघतो. त्यात वावगे काही नाही. बाजारातली पुष्कळ मुले तशीच लागली आहेत आणि त्यांची घरे चालली आहेत. बी.ए. होऊन मला काय मिळणार, ह्या प्रश्नाला माझ्यापाशी बाजारात चालेल असे उत्तर नाही. अशा रात्री घरात सगळेच तापलेले असतात. आई भांडी जोरात ठेवते, आप्पा बोलत नाहीत आणि मी कोपऱ्यात पुस्तक उघडून नुसता बसतो. एकमेकांवर आपटणारे आणि तसेच परत फिरणारे अणू मला पुस्तकात नंतर भेटले. घरात आधीच पाहिले होते.

आमच्या घरात निववण्याचे काम ताईने केले. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. बारावीला तिला माझ्यापेक्षा चांगले गुण होते. पण त्याच वर्षी आप्पा चार महिने अंथरुणाला खिळले आणि ती एका गोदामात मालाची बांधाबांध करायला जाऊ लागली. ती अजून जाते. माझ्या प्रवेशाच्या वेळी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, ऑनलाईन अर्ज, फीची तारीख ह्यांतले आमच्या घरी कोणालाच काही कळत नव्हते. पहिली पायरीच माणसापेक्षा उंच होती. ताईने अर्धा दिवस रजा घेतली. ज्याला त्याला विचारत, प्रत्येक रकान्याचा अर्थ समजून घेत तिने त्या उंच पायरीचे लहान लहान तुकडे केले आणि मला चढवले. मग ती दुपारच्या पाळीला निघून गेली.

बिनघराच्या इलेक्ट्रॉनविषयी वाचताना मला तीच आठवली. दोघांना जुळवून देतो आणि स्वतः रिकाम्या हाताने पुढे जातो. उपमा फार छान जमली असे मला वाटले, आणि मग ती मला नकोशी झाली. कारण इलेक्ट्रॉनला मन नसते. त्याला बारावीला किती गुण मिळाले होते, हे त्याच्या लक्षात राहत नाही. निसर्गात जे नुसते घडते, ते माणसांत कोणीतरी सोसते. विज्ञानातल्या गोष्टी आयुष्याला लावून पाहण्याची आम्हां कला शाखेच्या मुलांना हौस असते. पण ही उपमा कुठवर न्यायची, हेही पाहिले पाहिजे. ताईचे मागे राहणे हा निसर्गाचा नियम नव्हता.

खोडदच्या छत्र्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमध्ये हायड्रोजन किती होता, हे पुण्याच्या संशोधकांनी बंगळूरच्या दोन सहकाऱ्यांसह त्याच दुर्बिणीने मोजले आणि २०२० साली प्रसिद्ध केले. एकेका दीर्घिकेचा आवाज इतका क्षीण होता की तो ऐकूच येईना. तेव्हा त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले, आणि मग त्या सर्वांचा मिळून एक आवाज उमटला. ताऱ्यांचे इंधन त्या काळी पुष्कळ होते, पण नवा वायू येत राहिला नाही तर ते एकदोनशे कोटी वर्षांतच संपणार होते, असे त्यावरून कळले. पहिल्या पिढीचा तारा मात्र अजून कोणाला एकटा, निर्विवादपणे दिसलेला नाही. २०२१ च्या नाताळात उडालेली जेम्स वेब दुर्बीण त्यांच्या मागावर आहे. ते दिसोत वा न दिसोत, आपल्या हाडांत, रक्तात आणि ह्या अंकाच्या कागदावर त्यांच्या कार्बन-ऑक्सिजनचा थोडासा तरी वाटा असणारच. एवढी जुनी माणसे, म्हणजे एवढे जुने तारे, आपल्या घरात राहतात हे मला खूप आवडते.

टोळीचा विषय तात्पुरता मिटला आहे. मुकादमांनी पुन्हा विचारले तेव्हा आप्पा म्हणाले, “पोरगं अजून शिकतंय,” आणि पुढे काही बोलले नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने मी रात्री बाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहायला जाणार आहे. त्या पैशांचे काय करायचे, हे मी ठरवले आहे. नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासूनचे. नोकरी सांभाळून तिथे पदवी घेता येते. मी सगळी माहिती काढली, कागदपत्रांची यादी केली आणि एका रविवारी ताईसमोर ठेवली. ती म्हणाली, “आता कशाला रे? माझं वय झालं.” तिचे वय चोवीस आहे. मी तिला सूर्याचे वय सांगितले. ती हसली, पण ‘हो’ म्हणाली नाही. आई मात्र पलीकडून म्हणाली, “भरून तर ठेव. बघू.”

अर्ज अर्धा भरून मी मोबाईलमध्ये ठेवला आहे. प्रत्येक रकान्याचा अर्थ मला आता ठाऊक आहे. तिचे छायाचित्र आणि सही तेवढी राहिली आहे.

(द्वितीय वर्ष, कला)